ऑक्सिजन आत शिरण्याआधी : तापलेल्या टायटॅनियमवरील संरक्षक लेप

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

टायटॅनियम गंजत नाही, असे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत, आणि नेहमीच्या तापमानाला ते बऱ्याच अंशी खरेही आहे. समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे बुडालेल्या नळ्या टिकतात, शरीरात बसवलेले कृत्रिम सांधे टिकतात, आणि याचे श्रेय धातूच्या पृष्ठावरील अवघ्या काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याला जाते. या पापुद्र्यावर ओरखडा पडला, तर तो जवळजवळ त्याच क्षणी पुन्हा तयार होतो, कारण टायटॅनियमला ऑक्सिजनची ओढच तेवढी जबर आहे. आजचे व्याख्यान या ओढीच्या दुसऱ्या बाजूविषयी आहे. हाच धातू सहाशे अंश सेल्सिअसच्या हवेत शेकडो तास ठेवला, तर तीच ओढ त्याच्या मुळावर येते, आणि मग तो जपण्यासाठी बाहेरून लेप द्यावा लागतो. तो लेप कसा असावा, आणि त्याहीपेक्षा तो चांगला आहे हे ओळखावे कसे, हा माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी करायचा, असा प्रश्न कोणालाही पडेल. टायटॅनियमची घनता दर घन सेंटिमीटरला साडेचार ग्रॅम आहे, तर तापमान सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंची आठच्या वर. जेट इंजिनाचा कॉम्प्रेसर हवा दाबत नेतो, आणि दाबली जाणारी हवा टप्प्याटप्प्याने तापत जाते. पुढच्या टप्प्यांतली पाती आणि चकत्या टायटॅनियमच्या असतात, पण शेवटच्या टप्प्यांमध्ये हवा इतकी तापते, की तेथे निकेलकडे वळावे लागते आणि वजन एकदम वाढते. फिरणाऱ्या भागाचे वजन त्याच्या स्वतःपुरते राहत नाही. जड पात्याला धरून ठेवायला चकती जाड लागते, जाड चकतीला दंड जाड लागतो, आणि त्याला पेलणारे बेअरिंग व कवचही त्याच हिशेबाने वाढतात. त्यामुळे टायटॅनियमची मर्यादा एक टप्पा जरी मागे सरकवता आली, तरी तिचा लाभ सगळ्या इंजिनाला मिळतो.

ही मर्यादा सरकवण्याचे काम गेली सत्तर वर्षे चालू आहे. सर्वांत जास्त वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला, थोडक्यात सहा-चारचा. तो साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत वापरतात. ॲल्युमिनियम, कथिल, झिर्कोनियम आणि मॉलिब्डेनम असलेला ६-२-४-२ या नावाने ओळखला जाणारा मिश्रधातू सुमारे ५४० अंशांपर्यंत जातो, आणि आयएमआय ८३४ हा ब्रिटिश मिश्रधातू ६०० अंशांच्या उंबरठ्यावर पोहोचतो. त्यापलीकडे ताणाखाली हळूहळू लांबत जाण्याची अडचण आहेच, पण तिच्या जोडीला पृष्ठावरून आत शिरणारा ऑक्सिजनही उभा राहतो. पहिल्या अडचणीवर मिश्रधातूची रचना बदलून काही उपाय करता येतो. दुसरीवर तो फारसा करता येत नाही, आणि याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे.

लोखंड तापवले की त्यावर खपल्या धरतात, त्या गळून पडतात आणि त्याखालचे लोखंड मात्र लोखंडच राहते, कारण लोखंडात ऑक्सिजन विरघळतो तो नावापुरताच. टायटॅनियमचे तसे नाही. त्याच्या आल्फा या स्फटिकरूपात ऑक्सिजन शंभर अणूंमागे जवळपास ३३पर्यंत विरघळू शकतो. म्हणजे तापलेल्या टायटॅनियमच्या पृष्ठावर एकाच वेळी दोन गोष्टी घडत असतात. बाहेरच्या अंगाला टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे रूटाइलचा, थर वाढतो, आणि आतल्या अंगाला ऑक्सिजनचे अणू धातूच्या जाळीतील मोकळ्या जागांत शिरून खोल खोल जात राहतात. शिवाय ऑक्सिजनमुळे आल्फा रूप अधिक स्थिर होते, म्हणून पृष्ठाजवळचा बीटा, म्हणजे टायटॅनियमच्या दुसऱ्या स्फटिकरूपाचा, भाग नाहीसा होऊन सगळीकडे आल्फाच उरतो. या थराला जगभरच्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत ‘आल्फा केस’ म्हणतात. मराठीत मी त्याला ठिसूळ साल म्हणेन, पण नाव म्हणून आल्फा केसच वापरेन, कारण या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या तोंडी तेच आहे.

ही साल प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो. भट्टीतून काढलेल्या नमुन्याचा तुकडा आडवा कापायचा, तो राळेत बसवायचा, बारीक होत जाणाऱ्या कागदांवर आरशासारखा घासायचा, आणि मग हायड्रोफ्लुओरिक व नायट्रिक आम्लांच्या विरल द्रावणाने त्याचे एचिंग करायचे, म्हणजे आतली रचना उठून दिसावी म्हणून पृष्ठ किंचित खाऊ द्यायचे. या द्रावणाला क्रोलचे द्रावण म्हणतात. टायटॅनियम क्लोराइडचे मॅग्नेशियमने क्षपण करून हा धातू काढण्याची रीत ज्यांनी घालून दिली, तेच हे विल्हेल्म क्रोल. सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या बाजूला आल्फा आणि बीटा यांची करडी-काळी नक्षी स्पष्ट दिसते, पण काठाकडे जाता जाता ती विरत जाते आणि अगदी कडेला एक पांढुरका पट्टा उरतो. त्या पट्ट्यावर आणि आतल्या धातूवर हिऱ्याच्या टोकाने एकसारख्या वजनाखाली ठसे उमटवले, की डोळ्यांनाच फरक कळतो. आतला ठसा ऐसपैस असतो, कडेचा आक्रसलेला. आत विकर्स कठिनता, म्हणजे अशा ठशाच्या आकारावरून काढलेला कठीणपणाचा आकडा, साडेतीनशेच्या आसपास असते, आणि काठाला ती दीडपट किंवा त्याहूनही जास्त भरते.

धातू कठीण झाला हे ऐकायला बरे वाटेल, पण येथे कठीण होणे म्हणजे लवचीकपणा गमावणे. हा नमुना हातात घेऊन वाकवला, तर प्रथम बारीक करकर ऐकू येते. भिंगातून पाहिले, तर बाहेरच्या वळणावर एकमेकींना समांतर अशा केसासारख्या चिरा ओळीने पडलेल्या दिसतात. धातूचा आतला भाग अजून धडधाकट असतो, पण प्रत्येक चीर म्हणजे त्याच्यात टोक रोखून बसलेली एक खाच असते, आणि टायटॅनियमचे मिश्रधातू पुनःपुन्हा येणाऱ्या ताणाखाली खाचांच्या बाबतीत विशेष हळवे असतात. पाते मिनिटाला हजारो वेळा फिरत असते, कंप पावत असते. अशा वेळी पन्नास मायक्रॉनची ठिसूळ साल सगळ्या पात्याचे आयुष्य ठरवू शकते.

म्हणूनच या विषयातल्या एका सवयीबद्दल मला स्पष्टपणे बोलावेसे वाटते. ऑक्सिडीकरण मोजण्याची रूढ रीत म्हणजे नमुना भट्टीत टांगून त्याचे वजन किती वाढते ते पाहणे. वजन कमी वाढले, की लेप उत्तम, असा निष्कर्ष काढला जातो. निकेलच्या मिश्रधातूंना ही रीत बऱ्यापैकी लागू पडते, कारण तेथे बहुतेक सगळा ऑक्सिजन ऑक्साइडच्या थरात जातो. टायटॅनियमच्या बाबतीत तो अर्धाच हिशेब आहे. वाढलेल्या वजनापैकी किती ऑक्सिजन बाहेर ऑक्साइड होऊन बसला आणि किती धातूत विरघळला, हे तराजू सांगत नाही, आणि घात करतो तो विरघळलेला ऑक्सिजन. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका लेपाच्या वजनवाढीचा जवळजवळ आडवा गेलेला आलेख पाहून हरखून गेलो होतो. नमुना कापून पाहिला, तेव्हा लेपातील दोन चिरांच्या खाली आल्फा केसचे दोन अर्धगोल नीट बसलेले दिसले. एवढ्याशा जागेतून गेलेला ऑक्सिजन एकूण वजनात जाणवलाच नव्हता, पण तो नमुना थकव्याच्या, म्हणजे पुनःपुन्हा ताण देऊन तो कधी तुटतो हे पाहण्याच्या, चाचणीला लावला असता, तर तो नेमका तेथूनच तुटला असता. तेव्हापासून लेपाविषयी कोणी आलेख दाखवला, की मी आधी आडवा छेद मागतो.

आता लेपाकडे वळू. ऑक्सिजन अडवायचा, तर मुळात असा ऑक्साइड हवा, ज्यातून ऑक्सिजन आणि धातूचे अणू दोन्ही अतिशय हळू सरकतात. रूटाइल यात बसत नाही. त्याच्या जाळीत ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि त्यांच्यातून वाट काढत ऑक्सिजन आत येतो. थर जाड होत गेला, की त्यात ताण साठतो, तो पापुद्र्यापापुद्र्यांचा होतो आणि सुटून येतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, म्हणजे ॲल्युमिना, याच्या नेमका उलट आहे. त्याची वाढ रूटाइलच्या वाढीपेक्षा हजारपटींनी मंद असते, आणि तो धातूला घट्ट धरून राहतो. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. ॲल्युमिनाचे हे उत्तम रूप, म्हणजे आल्फा ॲल्युमिना, सहजपणे तयार होते ते नऊशे-हजार अंशांच्या आसपास. सहाशे-सातशे अंशांना तयार होणारा ॲल्युमिना त्याच्या अस्थिर रूपांतला असतो, आणि तो इतका अभेद्य नसतो. लेपाची परीक्षा मुद्दाम जास्त तापमानाला, कमी वेळात उरकून घेतली, तर निष्कर्ष फसवा निघण्याचे हे एक कारण आहे.

मग मिश्रधातूतच भरपूर ॲल्युमिनियम का घालत नाहीत? घातले असते, पण सहा-सात टक्क्यांच्या पुढे गेले, की धातूच्या आत टायटॅनियमचे तीन आणि ॲल्युमिनियमचा एक अणू अशी सुव्यवस्थित रचना बनू लागते आणि सगळा धातूच ठिसूळ होतो. आणखी एक अडचण रसायनशास्त्राची आहे. ऑक्सिजनशी संयोग पावण्याची टायटॅनियमची आणि ॲल्युमिनियमची ओढ जवळपास सारखीच आहे. निकेलच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियम थोडे असले, तरी ऑक्सिजनवर त्याचाच हक्क पहिला ठरतो. टायटॅनियमच्या शेजारी त्याला तो हक्क मिळत नाही, दोघांचे ऑक्साइड एकमेकांत मिसळून वाढतात आणि सलग ॲल्युमिना काही होत नाही. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम समसमान असलेल्या गॅमा ॲल्युमिनाइडचीही हवेत हीच गत होते, कारण हवेतला नायट्रोजन धातूच्या कडेला नायट्राइडची बेटे तयार करतो आणि ॲल्युमिनाची साखळी मध्येच तोडतो. साध्या हवेत खात्रीने सलग ॲल्युमिना देणारे या जोडीचे संयुग एकच, ते म्हणजे एका टायटॅनियममागे तीन ॲल्युमिनियम असलेले ट्रायॲल्युमिनाइड.

हे ट्रायॲल्युमिनाइड पृष्ठावर आणण्याची जुनी आणि अजूनही चांगली रीत म्हणजे पॅक सिमेंटेशन. बंद पेटीत ॲल्युमिनियमची भुकटी, थोडा नवसागर आणि बरीचशी ॲल्युमिनाची भुकटी कालवून भरतात, आणि तिच्यात तो भाग पुरतात. पेटी तापली, की नवसागर विघटित होतो, त्यातल्या क्लोरीनशी ॲल्युमिनियमचा संयोग होऊन त्याचे वायुरूप क्लोराइड तयार होते, ते भुकटीच्या फटींतून भागापर्यंत पोहोचते आणि तेथे ॲल्युमिनियम सोडून देते. ॲल्युमिनाची भुकटी रासायनिक दृष्ट्या काहीच करत नाही, ती फक्त ॲल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. या रीतीचा मोठा गुण असा, की वायू जेथे पोहोचतो तेथे लेप बसतो. पात्याचे खाचखळगे, आतली वळणे, मुळाजवळचे कोपरे असे कशाचेच तिला वावडे नसते. फवारून दिलेल्या लेपांना केवळ समोरचेच दिसते, आणि कोपरे उघडे राहण्याची भीती कायम असते.

पण ट्रायॲल्युमिनाइड स्वभावाने ठिसूळ आहे, आणि येथेच आपला पेच सुरू होतो. तापवल्यावर टायटॅनियम दर अंशाला दहालक्षांश नऊच्या आसपास प्रसरण पावते, ट्रायॲल्युमिनाइड त्याहून बरेच जास्त. लेप चढवताना दोन्ही तापलेले असतात आणि एकमेकांशी जुळलेले असतात. थंड होताना लेपाला जास्त आकसायचे असते, पण धातू त्याला आकसू देत नाही, म्हणून लेप ताणला जातो आणि त्याच्यात उभ्या चिरा पडतात. काही चिरा लेप आणि धातूच्या सीमेपर्यंत जातात. अशा लेपाने ऑक्सिजनला अडवल्यासारखे होते, पण त्याच वेळी त्याला ठरावीक वाटाही करून दिल्यासारखे होते. लेप पातळ ठेवला, तर चिरा कमी पडतात. त्याबरोबर ॲल्युमिनियमचा साठाही कमी होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी खर्च होत असतो. काही वर ॲल्युमिना बनण्यात जातो, काही खाली धातूत झिरपतो. ट्रायॲल्युमिनाइडचे रूपांतर हळूहळू कमी ॲल्युमिनियमच्या संयुगांत होत जाते, आणि एका टप्प्यानंतर सलग ॲल्युमिना धरणे त्याला जमत नाही.

निकेलच्या पात्यांवर यशस्वी झालेले निकेल, क्रोमियम, ॲल्युमिनियम व यिट्रियमचे लेप उचलून टायटॅनियमवर चढवून पाहण्याचा मोह साहजिक होता, आणि ते पुष्कळदा करूनही पाहिले गेले. पृष्ठावरचा ॲल्युमिना उत्तम येतो. बिघाड खाली होतो. निकेल आणि टायटॅनियम एकमेकांत झपाट्याने मिसळतात, मधे ठिसूळ संयुगांचे पट्टे तयार होतात, आणि दोघांचे ९४२ अंशांना वितळणारे मिश्रण आहे, हे तर ध्यानात ठेवलेच पाहिजे. प्रसरणातली तफावतही येथे अधिक आहे. मधे एखादा अडथळ्याचा थर दिला, तर थोडा वेळ मिळतो. माझे मत असे आहे, की परक्या धातूचा लेप आणण्यापेक्षा टायटॅनियम-ॲल्युमिनियम या घराण्यातलाच लेप शोधावा. टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि क्रोमियम यांचे लेप त्या दिशेने गेलेले आहेत. क्रोमियम पुरेसे असले, की ट्रायॲल्युमिनाइडपेक्षा कमी ॲल्युमिनियमवरही हवेत सलग ॲल्युमिना धरतो, आणि लेपाचा स्वभाव व प्रसरण खालच्या धातूच्या जवळ राहते. हे लेप बहुधा निर्वात पात्रात, लक्ष्यावर, म्हणजे लेपाच्या धातूच्या तुकड्यावर, आयनांचा मारा करून उडवलेल्या अणूंनी बसवतात. काही मायक्रॉन जाडी, गुळगुळीत पृष्ठ आणि कमी तापमान हे त्या पद्धतीचे लाभ, आणि समोर दिसेल तेवढ्यावरच बसणे ही तिची अडचण.

तापमानाचा उल्लेख आला, तर एक अट येथेच सांगून टाकतो. लेप देताना भागाला किती तापवायचे, हे लेपाला विचारून ठरवता येत नाही, ते धातूला विचारावे लागते. घडाई आणि उष्णतोपचारांनी मिळवलेली आतली रचना सहा-चारच्या मिश्रधातूत सुमारे ९९५ अंशांना पूर्णपणे मोडते, आणि तिला धक्का लागायला त्याच्या बराच आधी सुरुवात होते. लेप देताना पात्याची ताकदच उतरली, तर राखायचे तरी काय?

प्लॅटिनमचा उल्लेख थोडक्यात करतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत ६-२-४-२ या मिश्रधातूवर आयनांच्या साहाय्याने प्लॅटिनमचा अतिशय पातळ थर दिला गेला, आणि उच्च तापमानातला थकवा सोसण्याची त्याची क्षमता सुधारल्याचे आढळले. म्हणजे जाडी हा निकष नव्हे, सलगपणा हा निकष आहे. सिलिकाचे आणि काचेचे लेपही आहेत. टायटॅनियमच्या ठोकळ्यांना घडाईपूर्वी काचेच्या भुकटीचा लगदा फासतात, तो भट्टीत वितळून पृष्ठ झाकतो आणि घडाईच्या वेळी वंगणाचेही काम करतो. अल्पकाळासाठी हा उपाय झकास आहे. इंजिनात हजारो तास तापणाऱ्या-निवणाऱ्या भागावर काच टिकवणे ही वेगळी गोष्ट आहे.

आतापर्यंत आपण निव्वळ हवेविषयी बोललो. प्रत्यक्षात हवेबरोबर मीठ येते, विशेषतः समुद्रकाठी आणि समुद्रावर. मिठाचा आणि तापलेल्या टायटॅनियमचा संबंध किती जवळचा आहे, याची साक्ष १९५०च्या दशकातील एका निरीक्षणात सापडते. ताणून तापवलेल्या नमुन्यांवर चिरा पडल्या, आणि त्या चिरांचा आकार हाताळणाऱ्याच्या बोटांच्या ठशांसारखा होता. घामातले मीठ तेवढ्याला पुरेसे झाले होते. अमेरिकेच्या एसआर-७१ या टेहळणी विमानाची बांधणी चालू असतानाचा अनुभवही याच जातीचा आहे. उन्हाळ्यात जोडलेल्या काही पत्र्यांचे सांधे लवकर निकामी होत, हिवाळ्यात जोडलेले मात्र टिकत. शोध घेतल्यावर कळले, की उन्हाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून शहराच्या पाण्यात क्लोरीन जास्त घालत, आणि पत्रे त्याच पाण्याने धुतले जात. शुद्ध पाणी वापरू लागल्यावर तो त्रास थांबला. त्याच कामात कॅडमियमचा मुलामा दिलेल्या पान्यांनी आवळलेल्या बोल्टची डोकी तापल्यानंतर गळून पडू लागली, म्हणून हत्यारांच्या पेट्यांतून असे पाने वेचून काढावे लागले. लेपाचे काम करणाऱ्याला यातून थेट घेण्यासारखी गोष्ट अशी, की लेप देण्यापूर्वी नमुना क्लोरीनयुक्त द्रावकाने धुऊ नये आणि उघड्या बोटांनी धरू नये.

यामागचे रसायन थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. तापलेल्या पृष्ठावर मीठ, ऑक्साइड आणि ऑक्सिजन एकत्र आले, की सोडियम टायटॅनेट बनते आणि क्लोरीन मोकळा होतो. हा क्लोरीन ऑक्साइडच्या फटींतून धातूपर्यंत जातो आणि टायटॅनियमचे क्लोराइड तयार करतो. टायटॅनियम टेट्राक्लोराइड १३६ अंशांनाच उकळते, म्हणजे सहाशे अंशांना ते वायूच असते. हा वायू बाहेर येताना त्याला ऑक्सिजन भेटतो, पुन्हा ऑक्साइड बनतो, आणि क्लोरीन मोकळा होऊन नव्याने आत जायला सज्ज असतो. क्लोरीन खर्च होतच नाही, तो केवळ ने-आण करतो. असा बनलेला ऑक्साइड भुसभुशीत असतो, कोणतेही संरक्षण देत नाही. ओलावा असेल, तर हायड्रोजन क्लोराइड बनते, त्यातून सुटणारा हायड्रोजन धातूत शिरतो आणि ताणाखाली चिरा पाडतो. सोडियम सल्फेट एकटे ८८४ अंशांना वितळते, पण मिठाशी मिसळले, की त्याहून बऱ्याच कमी तापमानाला द्रव होते, आणि इंधनातले व्हॅनेडियम आले, तर आणखीच. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. प्रयोगशाळेत सहज पाडता येणाऱ्या मिठाच्या चिरा चालू इंजिनांत फारच विरळा आढळतात. वेगाने वाहणारी हवा, वाढलेला दाब आणि तापमानाची सतत होणारी चढउतार ही त्याची कारणे सांगितली जातात. म्हणून मिठाच्या चाचणीत नापास झालेला लेप लगेच बाद करू नये, आणि नुसत्या हवेत पास झालेला लेप समुद्रावर पाठवू नये.

हाच क्लोरीन, आणि त्याचा भाऊबंद फ्लुओरीन, गॅमा ॲल्युमिनाइडवर मात्र उपकारक ठरतो, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ॲल्युमिनाइडच्या पृष्ठात फ्लुओरीनचे थोडेसे अणू रोवले, की ऑक्साइड आणि धातू यांच्या मधल्या सूक्ष्म पोकळ्यांत ॲल्युमिनियमचे वायुरूप फ्लुओराइड बनते. ने-आण तीच, पण आता वाहून नेला जातो तो बहुतांशी ॲल्युमिनियम, कारण विशिष्ट प्रमाणात फ्लुओरीन असताना टायटॅनियमच्या वायूपेक्षा ॲल्युमिनियमचा वायू सहज बनतो. बाहेर ऑक्सिजन भेटताच ॲल्युमिना तयार होतो, फ्लुओरीन परत फिरतो, आणि थोड्याच वेळात पृष्ठावर सलग ॲल्युमिना धरतो. फ्लुओरीन फार कमी पडला, तर काहीच घडत नाही, आणि फार जास्त झाला, तर टायटॅनियमही वाहू लागते. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या डेचेमा संस्थेत यावर दीर्घकाळ काम झाले आहे. यात वेगळा लेप असा नसतोच. धातूचे स्वतःचेच पृष्ठ ॲल्युमिना धरू लागते, त्यामुळे प्रसरणाची तफावत नाही, परकी सीमा नाही आणि वजनही वाढत नाही. गॅमा ॲल्युमिनाइडची पाती २०११-१२च्या सुमारास प्रवासी आणि मालवाहू विमानांच्या जीईएनएक्स इंजिनांतून, कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये, सेवेत आली आहेत. त्यांना आणखी शंभर-दोनशे अंश वर न्यायचे असेल, तर मला हा मार्ग फार आशेचा वाटतो.

अडचण अशी, की या परिणामासाठी पृष्ठात ॲल्युमिनियमचे अणू शंभरात चाळीसच्या आसपास तरी लागतात. सहा-चारच्या किंवा आयएमआय ८३४च्या पृष्ठात ते नसतात. म्हणून आधी पातळ ॲल्युमिनाइड चढवायचे आणि मग त्याला फ्लुओरीन द्यायचा, अशी जोडणी केली गेली. येथे ट्रायॲल्युमिनाइडचा हट्ट धरण्याची गरज उरत नाही. कमी ॲल्युमिनियमचा, म्हणून कमी ठिसूळ, थरही चालतो, कारण ॲल्युमिना घडवण्याचे काम आता फ्लुओरीन करून घेतो. तापमान आल्फा ॲल्युमिना सहजपणे बनण्याइतके नसते आणि पातळ थरातला ॲल्युमिनियमचा साठाही मर्यादित असतो, त्यामुळे सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही.

असा एखादा नवा लेप घेऊन कोणी माझ्याकडे आले, तर मी त्याच्याकडून ज्या चाचण्या मागतो, त्या क्रमाने सांगतो. सपाट नाण्यासारख्या तुकड्यावर दिलेला लेप मला पुरेसा वाटत नाही. पात्याच्या काठासारखी धार असलेल्या तुकड्यावर तो द्यावा, कारण लेप सर्वांत आधी सुटतो तो धारेवर. मग तो तुकडा एका तापमानाला नुसता ठेवू नये. तापवावा, निववावा, पुन्हा तापवावा, आणि अधूनमधून त्यावर मिठाचा फवारा मारावा. त्यानंतर तो खोलीच्या तापमानाला ओढून पाहावा, तुटण्यापूर्वी किती लांबला ते मोजावे, आणि ताज्या, लेप न दिलेल्या तुकड्याशी ताडून पाहावे. थकव्याची चाचणी याच तुकड्यांवर करावी. बिनलेपाच्या न तापवलेल्या तुकड्यापेक्षा लेप दिलेला न तापवलेला तुकडाच लवकर तुटला, तर ऑक्सिजनचा प्रश्न येण्याआधीच लेपाने धातूचे नुकसान केलेले आहे.

आणि मग तो आडवा छेद. लेप आणि धातू यांच्या सीमेपासून दहा मायक्रॉन आत पहिला ठसा उमटवायचा, मग वीस, मग चाळीस, मग थेट मधोमध. पाचशे तास तापलेल्या तुकड्यात पहिल्या ठशाचा कर्ण आणि मधल्या ठशाचा कर्ण एकसारखे भरले, तर त्या लेपाखालून ऑक्सिजन आत गेलेला नाही. हे मोजमाप एका जागी करून थांबू नये. काठ, कोपरा आणि जेथे चीर दिसते त्या चिरेच्या नेमके खाली, अशा जागा निवडून ते करावे.